कॅसेट भरतेय: २०२४ ची कमी ऐकलेली गाणी, मिरजेच्या मामासाठी

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४ (भाऊबीज)

आई मामाला ओवाळत होती आणि माझं सगळं लक्ष माळ्याकडे, कारण तिथे गोणपाटात गुंडाळलेला डेक दिसला होता. जेवायच्या आधीच स्टूल लावून चढले. हा मामाच्या दुकानातला डेक. ८०च्या दशकात मामा मिरजेत कॅसेटी भरून द्यायचा, म्हणजे लोक चिठ्ठीवर गाण्यांची नावं लिहून आणायचे, नाट्यगीतं, भावगीतं, सिनेमाची, आणि मामा एकेक गाणं उतरवून साठची किंवा नव्वदची कॅसेट भरायचा, परवा या म्हणायचा. दुकान बंद होऊन जमाना झाला पण दोन डेकपैकी एक त्याने विकला नाही.

जेवताना म्हणाला, हल्ली काय ऐकतेस गं. मी सांगितलं इंडी रॉक, म्हणजे छोट्या लेबलांचे नाहीतर स्वतःचं स्वतः रेकॉर्ड करणारे गिटारवाले बँड, आणि यंदा इतकी चांगली गाणी आलीयत जी कुणाच्या तोंडी नाहीत, थांब लिंक पाठवते. तर म्हणाला, "लिंक नको पोरी. फोनवर माझा अंगठा थांबत नाही, दहा सेकंद ऐकतो की सरकवतो पुढं. कॅसेट भरून दे. कॅसेटमध्ये पुढचं गाणं यायला आधीचं संपावं लागतं."

तर हा प्रकल्प. एक सी-६०, दोन बाजू, ३०-३० मिनिटं, २०२४ मध्ये आलेली माझी लाडकी पण कमी ऐकलेली गाणी, मुदत ३१ डिसेंबर. ऐकायची सोय मामाकडे आहे, त्याचा टू-इन-वन अजून खणखणीत चालतो, रोज सकाळी त्यावर अब्दुल करीम खाँसाहेब लागतात, ते मिरजेतच येऊन राहिलेले त्यामुळे मामा त्यांच्याबद्दल शेजारचे असल्यासारखं बोलतो. डेक माझ्या मांडीवर आहे, स्वारगेटच्या एसटीत बसून हे लिहितेय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कमी ऐकलेली म्हणजे नेमकी कुठली हे आधी ठरवायला हवं, नाहीतर यादी कुठेही वाहवत जाईल. एमजे लेंडरमन आणि वॅक्साहॅची बाद. दोघांचेही यंदाचे अल्बम मला मनापासून आवडतात पण वर्षअखेरच्या प्रत्येक यादीत ते असणारच आहेत, त्यांना माझ्या ३० मिनिटांची गरज नाही. गाणं २०२४ मध्येच आलेलं हवं. शक्यतो एका बँडचं एकच. आणि शेवटची कसोटी माझी स्वतःची, गाणं संपल्या संपल्या परत लावावंसं वाटलं होतं का.

आकड्यांवरून नाही ठरवणार. स्पॉटिफायने यावर्षीपासून नियम केलाय की १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला पैसेच नाहीत. माझ्या यादीतली गाणी हजाराच्या खूप वर आहेत, त्यांना हा फटका नाही, पण यातल्या प्रत्येक बँडचं पहिलं गाणं कधीतरी हजाराच्या खाली होतंच ना, आणि ते कुणीतरी ऐकून दुसऱ्याला ऐकवलं म्हणून हे आज इथे आहेत. मला त्या ऐकवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचंय.

कच्ची यादी झालीय ४१ गाण्यांची. बसणार साधारण १४.

रविवार, १० नोव्हेंबर

जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेत. जुन्या कॅसेटींचे ढीग आहेत पण सगळ्या भरलेल्या, कीर्तनं, कव्वाल्या, कोणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका. कोऱ्या हव्या होत्या. चौथ्या चादरीवर एका काकांकडे सीलबंद टीडीके डी ६० मिळाल्या, तीन, दीडशेला. साधी टाइप वन टेप आहे, फार भारी नाही, पण मामाने फोनवर नाव ऐकल्या ऐकल्या "घेऊन टाक तिन्ही" म्हटलं. एक सरावाला, एक मामाला, एक माझ्यासाठी.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

डेक दुरुस्तीला दिला होता ४ तारखेला, आज परत मिळाला आणि अजिबात दुरुस्त झालेला नाही. आवाज ओढल्यासारखा येतो, बायकी आवाज पुरुषी होतो. दुकानदाराने ४०० रुपये घेतले, म्हणाला नवीन बेल्ट टाकलाय. घरी येऊन चार स्क्रू काढून बघितलं तर आत जुनाच बेल्ट, वितळून डांबरासारखा चिकटलेला. दहा दिवस गेले. मला पैशापेक्षा त्याचं वाईट वाटलं की त्याने झाकण उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, स्क्रूवरची धूळ तशीच होती. भांडायला परत गेले नाही. मामाला सांगितलं तर म्हणाला सोड, आपण दोघं करू, तुझे हात आणि माझे डोळे.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी आठला रांगेत उभी राहून मत देऊन आले, बोटाला शाई, आणि दुपारी त्याच बोटांना डांबर.

मामा व्हिडिओ कॉलवर. आधी पुलीवरचा वितळलेला बेल्ट खरवडून काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाच्या काड्या बुडवून बुडवून, वीसेक काड्या काळ्या झाल्या तरी पुलीच्या खाचेत चिकटा राहिलाच. मामा म्हणाला घाई करू नको, खाचेत जरा जरी राहिलं तरी प्रत्येक फेरीला गाणं तिथे अडखळणार. मग बेल्टचं माप. साधा शिवायचा दोरा घेऊन दोन्ही पुल्यांवरून बेल्टच्या वाटेने फिरवला, तो मोजला, आणि त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट लावायचा म्हणजे ताण राहतो. मी आधीच वेगवेगळ्या मापांचं पाकीट मागवून ठेवलं होतं, त्यातला तिसरा बसला. मग हेड (टेप वाचणारा भाग) पुसलं, कॅपस्टन म्हणजे टेप ओढणारी बारीक दांडी पुसली, रबरी रोलर पुसला, त्याच्यावरसुद्धा तपकिरी थर होता, तो म्हणे टेपवरून झडलेला मसाला.

प्ले दाबलं. मामाने कॉलवर डोळे मिटले. मग म्हणाला, "सूर बसला." आणि फोन ठेवून चहा प्यायला गेला.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज दिवसभर फक्त सिंडी ली.

मार्चच्या शेवटी 'डायमंड ज्युबिली' आला तेव्हा तो कुठल्याच स्ट्रीमिंगवर नव्हता. यूट्यूबवर सलग एक दोन तासांची फाइल, आणि जिओसिटीजवर एक जुन्या वळणाचं पान जिथून डब्ल्यूएव्ही फाइली उतरवून घ्यायच्या आणि जमलं तर ३० कॅनेडियन डॉलर पाठवायचे. बास. ना जाहिरात ना काही. ३२ गाणी. पॅट्रिक फ्लेगेल, कॅलगरीच्या 'विमेन' या बँडमधला, तो सिंडी ली या नावाने गातो, बारीक उंच आवाजात, साठच्या दशकातल्या अमेरिकन मुलींच्या गटांची आठवण येईल असा. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या साइटने दहापैकी ९.१ दिले आणि मग धडाधड लोक गोळा झाले, त्यामुळे अल्बम आता अनोळखी म्हणता येणार नाही हे मला कळतंय, पण ३२ पैकी बहुतेक गाण्यांबद्दल कोणी बोलतच नाही, दोन तासांत ती बुडून जातात. 'इफ यू हिअर मी क्रायिंग' बुडता कामा नये. म्हणून घेतेय.

मामाला फोनवरून थोडं ऐकवलं, स्पीकर जवळ धरून, फक्त तो काय म्हणतो बघायला. म्हणाला रात्री रेडिओ सिलोन लागायचं तेव्हा आवाज असाच यायचा, लांबून पोहत पोहत, मध्येच बुडायचा आणि परत वर यायचा, आणि आम्ही खोका हलवत नव्हतो की सुटेल म्हणून. मी गेले आठ महिने हा अल्बम ऐकतेय आणि त्याच्या आवाजाचं इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नव्हतं. गिटारबद्दल विचारलं तर, "तार बेसूर नाही. जवारी उघडी ठेवलीय." मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत वाढलेला माणूस आहे, तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा किती सरकवला की झंकार उघडतो हे त्याने लहानपणापासून बघितलंय. यंदा मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा त्याने गल्लीत पेढे वाटले होते, स्वतः कारागीर नसताना.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

शेलॅक घ्यायचं का नाही यावर तीन दिवस घालवले.

स्टीव्ह अल्बिनी ७ मेला गेला, ६१ वर्षांचा, शिकागोत, हृदयविकाराने. दहा दिवसांनी, १७ मेला, त्याच्या शेलॅक या तिघांच्या बँडचा 'टू ऑल ट्रेन्स' आला, तो आधीच ठरलेला होता. २०१७ ते २०२२ मध्ये सवडीच्या वीकेंडना रेकॉर्ड केलेली दहा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. आणि शेवटच्या गाण्याचं नाव 'आय डोन्ट फिअर हेल'. त्या दिवशी मी ऑफिसच्या बसमध्ये ऐकत होते आणि शेवटच्या गाण्याला उतरायचा थांबा मागे गेला.

निर्वाणा बँडचा 'इन युटेरो', पिक्सीजचा 'सर्फर रोझा', पीजे हार्वेचा 'रिड ऑफ मी' हे त्यानेच रेकॉर्ड केलेले. पण स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही, इंजिनिअर म्हणायचा, आणि रॉयल्टी घ्यायचा नाही, कामाचे ठरलेले पैसे घ्यायचा, प्लंबर घेतो तसे. गाणं बँडचं आहे, त्याच्या कमाईत माझा वाटा कसा, असं म्हणणं. आणि आयुष्यभर टेपवर रेकॉर्डिंग. टेपवर भरायच्या यादीत यंदा तो नसेल तर कोण असणार. हे पटलं आणि घेतलं. गोंगाट आहे, मामाला झेपेल न झेपेल, तरी घेतलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

बँडकॅम्प फ्रायडे. बँडकॅम्प म्हणजे बँडकडून गाणी विकत घ्यायची साइट, आजच्या दिवशी ती आपला वाटा सोडते आणि पैसे थेट बँडकडे जातात (एरवी डिजिटलवर १५ टक्के कापतात). म्हणून खरेदी आजपर्यंत थांबवून ठेवली होती. सात अल्बम घेतले, रात्री साडेबारापासून जागी, कारण तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालतो आणि आपल्याकडे दुपारी सुरू होतो हे विसरले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत घेतले शेवटी.

घेतलेल्यांपैकी ज्यांच्याबद्दल आधी लिहिलं नाही ते:

फ्रिको, शिकागोचे. पहिलाच अल्बम, फेब्रुवारीत आला. 'व्हेअर वी'व्ह बीन' हे त्यातलं पहिलं गाणं, सुरुवातीला नुसता एक थरथरता आवाज आणि गिटार, वाटतं की हा मुलगा आता गाता गाता रडणार, आणि मग हळूहळू बाकीचे येतात आणि शेवटी सगळे मिळून ओरडतात, पण ते ओरडणं रागाचं नाही, दिंडी लांबून येताना आधी एकच टाळ ऐकू येतो आणि मग अख्खा रस्ता भरतो तसं काहीतरी. कॅसेटचं पहिलं गाणं हेच. यावर फेरविचार नाही.

डक्स लिमिटेड, टोरोंटो. 'ट्रेन फुल ऑफ गॅसोलिन'. तारा खणखण वाजवत पळणारं गाणं, थांबायचं नावच नाही.

अम्ब्रेलाज, सॅन फ्रान्सिस्को, 'थ्री चिअर्स'. मुलगा आणि मुलगी आलटून पालटून गातात. ज्यांना जुना ब्रिटिश झणझणीत गिटार पॉप आवडतो त्यांनी हा अख्खा अल्बम ऐकावा, 'फेअरवेदर फ्रेंड' नाव.

रोझाली, 'रिवाइंड'. मर्ज लेबल. भरदार आवाज, आणि मागे वाजवणारे लोक अजिबात घाईत नाहीत. कॅसेटवर 'रिवाइंड' नावाचं गाणं असायलाच हवं होतं.

आणि सॉफ्टीज. यांच्याबद्दल सविस्तर लिहीन, आज डोळे मिटतायत.

रविवार, ८ डिसेंबर

बाजू अ भरायचा पहिला प्रयत्न. फसला. म्हणून सविस्तर लिहितेय, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

एक, टेपच्या सुरुवातीला जो पारदर्शक तुकडा असतो त्यावर काही उमटत नाही. मी सरळ रेकॉर्ड दाबलं आणि फ्रिकोच्या पहिल्या ओळीतला श्वास गेला. तो श्वास मला हवा आहे. पेन्सिल घालून हाताने फिरवून तपकिरी टेप खिडकीत दिसेपर्यंत पुढे आणायची, मगच सुरू करायचं.

दोन, लेव्हल. फ्रिकोच्या हळू सुरुवातीला बघून लेव्हल वर ठेवली आणि शेवटच्या ओरड्याला दिवे सगळे लाल, आवाज फाटला. लेव्हल गाण्याच्या सगळ्यात मोठ्या जागेवरून ठरवायची, हळू जागा हळूच राहू द्यायची. मामा म्हणाला गाण्याच्या मध्ये बटण फिरवणारा माणूस ओळखू येतो, श्वास कोंडल्यासारखं ऐकू येतं.

तीन, डॉल्बी. मी डॉल्बी बी (टेपचा सूं आवाज दाबणारी सोय) लावून भरत होते, पण मामाच्या टू-इन-वनला डॉल्बी नाहीच, तिथे सगळं चरचरीत वाजेल. डॉल्बी बंद. टेपचा सूं आवाज येईल तो येऊ दे.

चार, गाण्यांमधली जागा. मी दोन-दोन सेकंद सोडत होते, प्लेलिस्टच्या सवयीने. मामाचं म्हणणं चार, आणि मोठ्या गोंगाटानंतर पाच, "कानाला पाणी प्यायला वेळ दे." आणि बाजूच्या शेवटी गाणं तुटता कामा नये, तुटलं की गिऱ्हाईक भांडायला येतं, त्यापेक्षा दोन मिनिटं कोरी गेली तरी चालतील. मी विचारलं मग त्या कोऱ्या जागेचं काय करायचास. तर म्हणाला दोन-तीन मिनिटं उरली तर मी माझ्याकडून एक गाणं टाकायचो, चिठ्ठीत नसलेलं, त्याचे पैसे नाही घ्यायचो. काही लोक नंतर फक्त ते गाणं कुठलं विचारायला यायचे.

हे मला ठाऊकच नव्हतं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

ऑफिसात उशीर. काही नाही झालं. फक्त विशी या बँडचं 'लव्ह ऑन द आउटसाइड' अ मध्ये सहावं ठेवायचं पक्कं केलं, इंडियानापोलिसचे, गिटारींची भिंत आणि त्यात गोड चाल.

रविवार, १५ डिसेंबर

बाजू अ झाली!! एका बैठकीत, पंखा बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत. क्रम असा बसला: फ्रिको, डक्स लिमिटेड, अम्ब्रेलाज, मग पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, रोझाली, विशी, आणि शेवटी शेलॅक.

पीटर कॅट दिल्लीचे. ऑगस्टमध्ये अल्बम आला, नाव रोमनमध्ये बी-ई-टी-ए, बाहेरचे लोक बीटा वाचत असतील, आपण बेटा वाचतो आणि दोन्ही बरोबर वाटतं. २०१९ च्या 'बिस्मिल्लाह' नंतर पाच वर्षांनी. सूर्यकांत साहनीचा आवाज म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातल्या क्लबमध्ये धुरात उभं राहून गाणाऱ्या माणसाचा. 'सडनली' घेतलं. आपल्याकडचा बँड यादीत असावा म्हणून नाही घेतलं, हे स्पष्ट लिहून ठेवते. ४१ पैकी सगळ्यात जास्त वेळा मी हेच वाजवलंय, आणि देशोदेशी तिकिटं विकली जाणारा हा बँड माझ्या ऑफिसातल्या गाणी ऐकणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हता. कमी ऐकलेलं म्हणजे कुठे कमी ऐकलेलं, हाही प्रश्न आहेच.

शेलॅक संपल्यावर ४० सेकंद टेप उरली. तुटलं नाही काही. साठच्या कॅसेटमध्ये कंपनी थोडी जास्त टेप घालते ती कामी आली.

मंगळवार, १७ डिसेंबर

सॉफ्टीज. रोझ मेलबर्ग आणि जेन स्ब्राजिया, दोघीच. दोन गिटार, दोन आवाज, ड्रम नाहीत. आधीचा अल्बम २००० सालचा, त्यानंतर थेट यंदा ऑगस्टमध्ये 'द बेड आय मेड'. २४ वर्षं. मला वाटलं होतं इतक्या वर्षांनी येणारे लोक काहीतरी मोठं करून दाखवायला जातात, ऑर्केस्ट्रा आणतात, पाहुणे आणतात. यांनी काहीच आणलं नाही. त्याच दोन गिटारी घेऊन त्याच हळू आवाजात बसल्या, फक्त गाण्यात आता चोवीस वर्षं जास्त आहेत. 'कॅलिफोर्निया हायवे ९९' मी भांडी घासताना ऐकत होते आणि नळ बंद करून ऐकलं.

हे गाणं भरायला अवघड आहे कारण इतकं हळू आहे की टेपचा सूं वर येतो. शेजारच्या गाण्यांपेक्षा लेव्हल एक काटा वर ठेवून सरावाच्या कॅसेटवर तीनदा भरून बघितलं. तिसऱ्यांदा जमलं.

रविवार, २२ डिसेंबर

सवाईचा शेवटचा दिवस, ओळखीचे सगळे तिकडे, मी घरात पंखा बंद करून.

बाजू ब. सुरुवात सिंडी लीने, कारण कॅसेट उलटून नवीन बाजू लावल्यावर पहिला आवाज लांबून यायला हवा असं डोक्यात बसलंय. मग सॉफ्टीज. मग बिल रायडर-जोन्स, 'आय नो दॅट इट्स लाइक धिस (बेबी)'. हा माणूस लिव्हरपूलजवळच्या वेस्ट कर्बीचा, आधी कोरल बँडमध्ये होता. जानेवारीत 'येखिद दा' आला, वेल्श भाषेत पेला उचलताना म्हणतात, तब्येतीला शुभेच्छा. या गाण्यात मागून ब्राझीलच्या गाल कोस्ताचं जुनं 'बेबी' वाजत येतं, म्हणजे तो एकटा खोलीत पुटपुटतोय आणि शेजारच्या घरात कोणीतरी जुनी रेकॉर्ड लावलीय, आणि दोन्ही गाणी एकमेकांना सांभाळून घेतात. वर्षाची सुरुवात या अल्बमने झाली होती, जानेवारीत बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात बसून ऐकायचे. तेव्हा अर्थ ठाऊक नव्हता शीर्षकाचा.

मग माउंट ईरीचं 'ब्रूम ऑफ विंड', छोटंसं. माउंट ईरी म्हणजे फिल एल्व्हरम, वॉशिंग्टन राज्यातल्या अनाकोर्टिसचा, नोव्हेंबरच्या १ तारखेला २६ गाण्यांचा 'नाइट पॅलेस' आला. वाऱ्याचा झाडू. कोणी विचारलं तर याहून चांगलं शीर्षक यंदा मी ऐकलं नाही. मग धिस इज लोरेलाय, म्हणजे न्यूयॉर्कचा नेट एमॉस, 'व्हेअर्स युअर लव्ह नाऊ', आणि शेवटी ऑस्टिनच्या बीइंग डेडचं 'फायरफायटर्स', दोघं मिळून उड्या मारत गातात, बाजू हसत संपावी म्हणून.

तीन मिनिटांच्या आसपास टेप उरली. विशीच्या अल्बममधलं अजून एक बसलं असतं. नाही भरलं. कोरी ठेवलीय मुद्दाम.

बुधवार, २५ डिसेंबर

आतलं कार्ड लिहिलं. नावं देवनागरीत, मामाच्या चिठ्ठ्यांसारखी, निळ्या शाईने. प्रत्येक नावापुढे गाव. शिकागो, टोरोंटो, सॅन फ्रान्सिस्को, दिल्ली. गावं लिहिल्यावर यादी एकदम वेगळी दिसायला लागली, टपालाच्या थैलीसारखी.

रविवार, २९ डिसेंबर, मिरज

मामाने कॅसेट टू-इन-वनमध्ये घातली, प्ले दाबलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सगळं बोदं. फ्रिकोचा आवाज उशीखालून आल्यासारखा, तारांची चकाकी गायब. पुण्यात डेकवर तर लख्ख वाजत होतं. मला वाटलं टेपच खराब निघाली, दोन महिने गेले.

मामा काही बोलला नाही. कपाटातून घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणला, टू-इन-वनचं कॅसेटचं दार काढलं, हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगवाला स्क्रू असतो त्यात तो घातला, आणि गाणं चालू असतानाच केसभर फिरवला. आवाज अजून बसला. उलट दिशेला केसभर. मग अजून जरासा. आणि एकदम उघडलं. मान तिरकी, डोळे मिटलेले, बोटं जवळजवळ हलतच नव्हती, आणि गिटार उशीखालून निघून खोलीत आली. म्हणाला दोन मशिनची हेडं एका कोनात नसतात, प्रत्येक मशिन आपलं भरलेलंच नीट वाचतं, दुसऱ्याचं वाचायचं तर थोडं वाकावं लागतं. मग रिवाइंड करून पहिल्यापासून लावलं.

पूर्ण ऐकली. दोन्ही बाजू. मध्ये फक्त उलटायला उठला. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

फ्रिकोला शेवटी मान हलवली. डक्स लिमिटेडला म्हणाला हा मुलगा ताल पुढे ढकलतो, मला आवडलं पण दमलो. पीटर कॅटला विचारलं हे आपल्याकडचे ना. शेलॅकला मी त्याच्याकडे बघत होते, तर तो स्पीकरच्या जवळ जाऊन बसला, संपल्यावर म्हणाला, "ढोल ऐकलास? ढोल नाही भरलाय त्यानं, खोली भरलीय." मी अल्बिनी गेल्याचं सांगितलं. टेपवरच काम करायचा, पैसे ठरलेलेच घ्यायचा, तेही सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला. रोझाली त्याला विशेष नाही वाटली, मी वाद घातला, त्याने ऐकून घेतला पण मत नाही बदललं. सॉफ्टीजला काहीच बोलला नाही, स्टॉप दाबलं, मागे घेतलं, परत लावलं. दहा सेकंदांत सरकवणारा माणूस.

फायरफायटर्स संपलं आणि टेप नुसती सूं करत चालत राहिली. मामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं तीन मिनिटं आहेत, चिठ्ठीत नसलेलं काय ते तू टाक.

कॅसेट बाहेर काढली, पाठीमागे दोन प्लास्टिकच्या पत्र्या असतात त्यातली बाजू अ ची स्क्रूड्रायव्हरने तोडली, आता त्यावर कोणी चुकून भरू शकणार नाही. ब ची ठेवली. डेक मी पुण्याला परत नेणार होते तो मिरजेतच ठेवून आलेय, आणि निघताना बघितलं तर मामा स्टुलावर चढून माळ्यावरच्या रेकॉर्डींच्या पेट्या खाली घेत होता, आई खालून ओरडत होती की पडशील.